भाव आहे, पण गिऱ्हाईक आहे का? स्मॉलकॅप शेअर्सची तरलता आणि सेबीचे नियम

आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल: स्मॉलकॅप शेअर्समधली तरलता आणि तिच्यावर नियमांचा होणारा परिणाम. पण त्यामागचा प्रश्न अगदी घरगुती आहे. तुमच्या डिमॅट खात्यात दोन लाखांचे शेअर दिसतायत. उद्या सकाळी घरात अडचण आली आणि ते विकायचे ठरवले, तर दोन लाख मिळतील का? किती दिवसांत मिळतील? आणि मिळणार नसतील, तर त्याला बाजार जबाबदार की बाजाराचे नियम करणारे? आज आम्ही जास्त वेळ या तिसऱ्या प्रश्नावर घालवणार आहोत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कुठला शेअर घ्यावा, कुठला विकावा, हे आम्ही सांगणार नाही. कंपन्यांची नावं येतील, ती नियम समजून घेण्यापुरती.

आधी तरलता म्हणजे काय ते बघू. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर हे समजावणं सोपं आहे. सकाळी होडी बंदराला लागली की मासळीचा लिलाव होतो. तासाभरात टोपल्या रिकाम्या. का? तर त्या एका तासात घेणारे पंधरा-वीसजण तिथं हजर असतात. आता नागावला किंवा चौलला एखादी नारळी-पोफळीची वाडी घ्या. गुंठ्याचा भाव कुणालाही विचारा, लगेच सांगेल. भाव मासळीपेक्षा कितीतरी जास्त. पण विकायला काढली की वर्ष जातं. सातबाऱ्यावर सहा नावं, त्यातले चार मुंबईत, वर सीआरझेडचा प्रश्न, आणि खरं घेणारं गिऱ्हाईक एखादंच. ते एकमेव गिऱ्हाईक म्हणेल तो भाव.

म्हणजे भाव असणं वेगळं आणि गिऱ्हाईक असणं वेगळं. शेअर बाजारात पडद्यावर दिसणारा आकडा हा शेवटच्या सौद्याचा भाव असतो. तो तुमच्या मालाचा भाव असेलच असं नाही.

एक छोटा हिशोब करू. समजा, शेअरचा भाव १०० रुपये दिसतोय आणि तुमच्याकडे २,००० शेअर आहेत. खरेदीच्या बाजूला मागणी अशी आहे: १०० रुपयांना ३००, ९८ रुपयांना ७००, ९५ रुपयांना १,०००. तुम्ही सगळे एकदम विकलेत तर हातात येतात १,९३,६०० रुपये, म्हणजे सरासरी ९६ रुपये ८० पैसे. पडद्यावर दोन लाख होते, ६,४०० रुपये वाटेतच गेले. याला बाजाराच्या भाषेत इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात. दलालीच्या बिलावर ही रक्कम कुठेच लिहिलेली नसते, त्यामुळे पुष्कळांना ती भरल्याचं कळतही नाही. आणि हा झाला बऱ्या दिवसाचा हिशोब. वाईट दिवशी लोअर सर्किट लागतं, खरेदीची बाजू कोरी होते, आणि मग भावाचा प्रश्नच उरत नाही.

आता स्मॉलकॅप कुणाला म्हणायचं? सेबीनं ऑक्टोबर २०१७ मध्ये म्युच्युअल फंडांसाठी व्याख्या केली. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्जकॅप, १०१ ते २५० मिडकॅप, आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉलकॅप. या ‘पुढच्या सगळ्या’मध्ये काही हजार कंपन्या येतात. हजारो कोटींचा कारखाना त्यात आहे आणि ज्या कंपनीच्या कार्यालयाचा पत्ता शोधावा लागतो तीही त्यातच आहे. एकाच शब्दाखाली इतकी वेगवेगळी माणसं बसवली, की त्यांच्यासाठी केलेला नियम कुणाला सैल होतो आणि कुणाच्या गळ्याशी येतो.

आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं. तरलतेच्या बाबतीत सेबीचे नियम दोन जातींचे आहेत. काही नियम दार रुंद करतात, म्हणजे बाजारात माल आणि माणसं वाढवतात. काही नियम दाराला कुलूप लावतात, म्हणजे संशय आला की सौदेच आवळतात. पहिल्या जातीचे नियम सरकारला स्वतःला लागू करायची वेळ आली की ढिले पडतात. दुसऱ्या जातीचे मात्र, आत अडकलेल्या छोट्या भागधारकाला विचारात न घेता, कडकपणे लागू होतात. आमचा आक्षेप या विषमतेवर आहे.

पहिल्या जातीचं उदाहरण अलिबागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. थळचा कारखाना. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, आपली आरसीएफ. १९७८ साली कंपनी स्थापन झाली. आधीचं ट्रॉम्बे आणि नंतर उभं राहिलेलं थळ, असे तिचे दोन मुख्य कारखाने. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत तिचा पगार आला आहे. या कंपनीचे एकूण शेअर सुमारे ५५ कोटी १७ लाख. २०१३ च्या सुरुवातीपर्यंत त्यातले ९२.५ टक्के केंद्र सरकारकडे होते. म्हणजे बाकी साऱ्या देशाला खरेदी-विक्री करायला उरले सुमारे ४ कोटी १४ लाख.

मग नियम आला. २०१० मध्ये केंद्रानं नियम बदलून खासगी कंपन्यांना किमान २५ टक्के शेअर जनतेकडे ठेवणं बंधनकारक केलं, सरकारी कंपन्यांसाठी ही अट १० टक्क्यांची ठेवली. मार्च २०१३ मध्ये सरकारनं आरसीएफचे १२.५ टक्के शेअर ऑफर फॉर सेलद्वारे विकले आणि आपला वाटा ८० टक्क्यांवर आणला. २०१४ मध्ये सरकारी कंपन्यांनाही २५ टक्क्यांची अट लागू झाली, तीन वर्षांची मुदत दिली गेली. ती संपण्याच्या आत, जून २०१७ मध्ये, आणखी ५ टक्के विकले. सरकार ७५, जनता २५. बाजारात फिरू शकणारा माल ४ कोटी १४ लाखांवरून सुमारे १३ कोटी ७९ लाखांवर गेला. तिपटीहून जास्त. यात कुणाला कुलूप लावलं नाही, कुणावर संशय घेतला नाही. मोठ्या मालकाला एवढंच सांगितलं की बाजारात नाव नोंदवायचं असेल तर बाजाराला मालही द्यावा लागेल.

हाच नियम न पाळल्यावर काय होतं, तेही बघू. खतांच्याच धंद्यातली, केंद्र सरकारचीच दुसरी कंपनी आहे कोचीची फॅक्ट. तिथं सरकारचा वाटा ९० टक्के. २०२३-२४ या वर्षात आरसीएफची विक्री फॅक्टच्या तिपटीहून अधिक होती. पण २०२४ मध्ये फॅक्टचा शेअर हजार रुपयांच्या वर गेला आणि सुमारे ६४ कोटी ७० लाख शेअर्सच्या हिशोबानं कंपनीचं बाजारमूल्य साठ हजार कोटींच्या पुढे पोचलं. त्याच वर्षीच्या तेजीत आरसीएफचं मूल्य पंधरा हजार कोटींच्या आतच होतं. फक्त माल कमी म्हणून भाव चढला असं आम्ही म्हणत नाही. भाव चढायला दहा कारणं असतात. पण एक लक्षात घ्या. कंपनीची किंमत काढताना आपण सगळे शेअर मोजतो आणि भाव मात्र ठरतो फिरत असलेल्या थोड्याशा शेअर्सवर. वाडीच्या एका कोपऱ्यातले दोन गुंठे कुणी हौसेनं चढ्या भावानं घेतले, म्हणून अख्ख्या वाडीला तो भाव मिळत नाही.

मग सरकारला सरकारचाच नियम लागू का होत नाही? तर सरकारी कंपन्यांची २५ टक्क्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, आणि जुलै २०२१ मध्ये नियमातच बदल करून केंद्राला अधिकार मिळाला की जनहितासाठी कुठल्याही नोंदणीकृत सरकारी कंपनीला या अटीतून सूट देता येईल. जनहित म्हणजे कुणाचं? कमी मालाच्या बाजारात वरच्या भावाला अडकलेला गुंतवणूकदार त्या जनतेत मोडत नाही का? खासगी प्रवर्तकाला जून २०१३ ची मुदत लावली होती, ती त्यांना पाळावी लागली. नियम चांगला असेल तर तो आधी स्वतःच्या घरी पाळावा.

दार रुंद करणारा आणखी एक प्रयत्न म्हणजे २०१२ मध्ये सुरू झालेले एसएमई मंच, बीएसई आणि एनएसई दोघांचेही. तिथं नोंदणी झाल्यावर किमान तीन वर्षं मार्केट मेकर नेमणं सक्तीचं आहे, म्हणजे खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव सतत देणारा दलाल. कल्पना उत्तम. घेणारं कुणीच नसेल तर निदान एकजण पगारावर उभा करायचा. पण तिथं सौदा एकेका शेअरचा होत नाही, लाखाच्या घरातल्या लॉटमध्ये होतो. छोट्या माणसानं जोखमीत शिरू नये म्हणून हा लॉट मोठा ठेवला, हे ठीक. पण शिरलेल्याला गरजेपुरते दहा-वीस शेअर विकून बाहेर पडता येत नाही.

आता दुसऱ्या जातीकडे येऊ, कुलूपवाल्या नियमांकडे. इथं आधी सेबीची बाजू नीट मांडली पाहिजे. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये लबाडी करणं सोपं असतं. चार माणसांनी आपसात सौदे करून भाव चढवायचा, बाहेर हवा तयार करायची आणि लोक धावत आले की आपला माल त्यांच्या गळ्यात मारायचा. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत सेबीनं मार्च २०२३ मध्ये आदेश काढला. यूट्यूबवर त्या शेअरची भलामण करणारे व्हिडिओ टाकून भाव फुगवल्याचं ते प्रकरण होतं. तेव्हा पहारा हवाच. ‘बाजाराला मोकळं सोडा’ असं म्हणणाऱ्यांत आम्ही नाही.

प्रश्न पहारा कसा, हा आहे. एप्रिल २०१३ पासून कमी उलाढालीच्या शेअर्सचे सौदे दिवसभर चालू न ठेवता ठरावीक वेळेच्या लिलावात आणले गेले. रोज सरासरी १०,००० पेक्षा कमी शेअर आणि ५० पेक्षा कमी सौदे, असा निकष होता. खरं तर कल्पनेत शहाणपण आहे. मासळीच्या लिलावासारखं सगळ्यांना एकाच वेळी एकत्र आणायचं. पण बंदरावर व्यापारी येतात ते मासळी चांगली असते म्हणून. इथं लिलावाची पाटी लागली की हा शेअर ‘तसला’ आहे असा शिक्का बसायचा आणि असलेलं गिऱ्हाईकही पाठ फिरवायचं. पुढे हे निकष सैल करावे लागले.

सगळ्यात मोठं कुलूप लागलं ७ ऑगस्ट २०१७ ला. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडून ३३१ संशयित शेल कंपन्यांची यादी आली होती. सेबीनं त्या दिवशी शेअर बाजारांना कळवलं आणि या शेअर्सवर देखरेखीच्या योजनेतला सगळ्यात कडक टप्पा लागू झाला. त्याचा अर्थ काय होता, तो नीट ऐका. सौदे महिन्यातून एकदाच, पहिल्या सोमवारी. भाव वर जायला बंदी. आणि खरेदी करणाऱ्यानं सौद्याच्या रकमेच्या दुप्पट अनामत ठेवायची. म्हणजे १०० रुपयांचा शेअर घ्यायचा तर वर २०० रुपये अडकवून ठेवायचे. असा माल कोण घेईल? कागदावर विक्रीला परवानगी होती, प्रत्यक्षात घेणाऱ्याला हाकलून दिलं होतं.

यादीत मुंबई मेट्रो-३ चं काम करत असलेली जे. कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्स होती, प्रकाश इंडस्ट्रीज होती. या दोन कंपन्या रोखे अपील लवादाकडे, म्हणजे सॅटकडे गेल्या आणि १० ऑगस्टला त्यांना स्थगिती मिळाली. चौकशी न करताच कारवाई झाल्याचं सॅटनं नोंदवलं. तीन दिवसांत. पण हे लक्षात घ्या की लवादाकडे वकील घेऊन कंपनी जाऊ शकते. रोह्याचा किंवा पेणचा निवृत्त माणूस, ज्याच्याकडे अशा एखाद्या कंपनीचे दोनशे शेअर आहेत, तो कुठे जाणार? यादीत काही कंपन्या खरोखरच पोकळ असतील. असोत. पण पोकळ कंपनीत सगळ्यात आधी फसलेला कोण असतो? तो छोटा भागधारकच. प्रवर्तक आधीच विकून मोकळा झालेला असतो. म्हणजे चोर पळून गेल्यावर आपण घरातल्या माणसांना आत कोंडून बाहेरून कडी लावली.

त्यातून सेबीनं काही धडा घेतला का? थोडा घेतला. जून २०२३ मध्ये ५०० कोटींखालच्या कंपन्यांसाठी वाढीव देखरेखीची योजना आली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात आठवड्यातून एकच दिवस सौदे ठेवले होते. पुढच्याच महिन्यात ते बदलून सगळे दिवस खुले केले, भावाची मर्यादा मात्र २ टक्के ठेवली. सुधारणा झाली हे मान्य करू. पण २ टक्क्यांच्या मर्यादेचा अर्थही समजून घेऊ. एखाद्या शेअरची खरी किंमत ३० टक्क्यांनी खाली आली असेल, तर तिथपर्यंत पोचायला रोज २ टक्क्यांनी सतरा-अठरा दिवस लागतात. तोवर शहाणं गिऱ्हाईक थांबून राहतं, कारण उद्या आणखी स्वस्त मिळणार हे त्याला ठाऊक असतं. मर्यादा घसरण थांबवत नाही, लांबवते. आणि या सगळ्या टप्प्यांमध्ये त्याच दिवशी घेऊन विकण्यावर बंदी असते. सट्टेबाज गेला, छान झालं, असं आपल्याला वाटतं. पण तुम्ही विकायला आलात तेव्हा समोर खरेदीला उभा असलेला बऱ्याच वेळा तोच सट्टेबाज असतो.

इथं एक तुलना करावीशी वाटते, कारण रायगडला तिचा अनुभव आहे. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले. ठेवीदारांच्या रक्षणासाठी निर्बंध, आणि त्याच निर्बंधांमुळे ठेवीदारांचे पैसे आत. किती वर्षं आंदोलनं चालली, ते या जिल्ह्याला सांगायला नको. २०१९ मध्ये पीएमसी बँकेचं तेच झालं. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. त्यानंतर मात्र कायदा बदलला. विम्याची मर्यादा २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ती विमा रक्कम ठेवीदाराला मिळण्याची तरतूद झाली.

शेअर म्हणजे ठेव नव्हे. शेअरमध्ये तोटा होऊ शकतो आणि तो कुणी भरून द्यावा असं आमचं म्हणणं नाही. पण बँकांच्या बाबतीत आपण एक तत्त्व मान्य केलं: दार बंद करायचं तर आत असलेल्यांना कधी बाहेर पडता येईल याची तारीखही द्यायची. शेअर बाजारातल्या देखरेखीच्या नियमांत हे तत्त्व अजून आलेलं नाही.

शेवटचा मुद्दा म्युच्युअल फंडांचा. बरेचजण म्हणतात, आम्ही शेअर घेत नाही, स्मॉलकॅप फंडात एसआयपी आहे. फंडातून पैसे कधीही काढता येतात. खरंय. पण फंडाला ते पैसे द्यायला शेअर विकावे लागतात, आणि ते शेअर याच बाजारातले. नियमानुसार स्मॉलकॅप फंडाला किमान ६५ टक्के पैसा स्मॉलकॅपमध्ये ठेवावाच लागतो. मार्च २०२४ मध्ये सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्ष माधबी पुरी बुच यांनी या बाजारात फेस आल्याचं बोलून दाखवलं, आणि फंडांना स्ट्रेस टेस्टचे निकाल जाहीर करावे लागले. आपला अर्धा साठा विकायला किती दिवस लागतील? निप्पॉन इंडिया स्मॉलकॅपनं सांगितलं २७ दिवस, एसबीआय स्मॉलकॅपनं ६०.

हे आकडे जाहीर करायला लावणं हा आमच्या मते सेबीचा अलीकडच्या काळातला सगळ्यात चांगला नियम आहे. कुणाचं दार बंद केलं नाही, फक्त दार किती अरुंद आहे ते पाटीवर लिहायला लावलं. पण पाटी लिहिण्याच्या पद्धतीवर आमचे तीन आक्षेप आहेत. एक, हिशोबात नेहमीच्या तिप्पट उलाढाल गृहीत धरली आहे. घबराटीत विकणारे तिप्पट होतील, घेणारे होतील का? दोन, प्रत्येक फंड जणू एकटाच विकतोय असं मानलं आहे. प्रत्यक्षात सगळ्यांकडे थोडेफार तेच शेअर असतात आणि पैसे काढायची रांगही सगळीकडे एकदमच लागते. तीन, आणि हा सर्वांत गंभीर. साठ्यातले सर्वांत कमी तरल २० टक्के शेअर हिशोबातून वगळलेले आहेत. म्हणजे धक्क्यावर किती होड्या अडकतील ते मोजताना गाळात रुतलेल्या होड्या मोजायच्याच नाहीत.

तर आमची मागणी काय? कुठलाही कुलूपवाला नियम लावायच्या आधी कंपनीला म्हणणं मांडायची संधी द्या. तातडी असेल तर निदान काही दिवसांत द्या. कुलूप लावलंत तर ते कधी आणि कशावर उघडेल ते त्याच आदेशात लिहा. बंधन प्रवर्तकांवर आणि फुगवणाऱ्यांवर घाला. साध्या खरेदीदाराकडून दुप्पट अनामत मागू नका, कारण त्याला हाकललं की विक्रेता कोंडला जातो. २५ टक्क्यांच्या अटीतून सरकारी कंपन्यांना मिळणारी सूट बंद करा. आणि स्ट्रेस टेस्टमध्ये ते २० टक्के मोजा.

तोवर आपण काय करायचं? शेअर घेण्याआधी भाव बघतो, त्याच्या शेजारी तीन गोष्टी बघा. रोज किती शेअर प्रत्यक्ष डिलिव्हरीला जातात, प्रवर्तकांकडे किती टक्के आहेत, आणि शेअर देखरेखीच्या कुठल्या यादीत आहे का. तिन्ही गोष्टी शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. तुमच्याकडचा साठा रोजच्या डिलिव्हरीच्या पाव हिश्शाहून मोठा असेल, तर त्या शेअरला वाडीसारखं समजा. ठेवायला हरकत नाही. पण मुलीची फी किंवा दवाखान्याचा खर्च त्याच्या भरवशावर टाकू नका.

इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ.